निधान री काका, निधान

पहिल्याच दिवशी पेडलनं नडगीवर असा दणका घातला की अजून तिथं खूण आहे. चूक माझीच म्हणा. रस्त्यावरच्या सायकलची सवय, दमलं की पाय थांबवायचे, सायकल आपली मागं टिकटिक करत जाते पुढं. जिममधली ही सायकल तशी नसते. हिला फ्रीव्हीलच नसतं. पुढं अठरा-वीस किलोचं फ्लायव्हील, म्हणजे जड लोखंडी चाक, ते फिरतंय तोवर पेडल फिरणारच, तुमचा पाय त्याच्यावर असो नाहीतर नसो. मी दमलो, पाय काढला, पेडल एक फेरी मारून आलं आणि बरोबर हाडावर बसलं.

लाज ह्याची की माझं सगळं आयुष्य मशीनवर गेलंय. बेळगावात उद्यमबागेत छोटंसं युनिट आहे, दोन सीएनसी मशीन आणि बाबांच्या वेळचं एक जुनं लेथ, व्हॉल्व्हचे न पंपाचे पार्ट टर्निंग करून देतो. फिरतं वजन एकदम थांबत नाही हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा पंजा, थांबल्याशिवाय हात घालायचा नाही म्हणून ओरडतो, आणि स्वतः मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी टी-शर्ट घालून पाय घालून बसलो. रेझिस्टन्सची, म्हणजे लोड कमीजास्त करायची, जी गोल मूठ असते ती खाली दाबली की ब्रेक लागतो, हे त्या दिवशी मला कोणी सांगितलंच नाही. ते पुढं येतंय.

सुरुवात नेहमीचीच, डॉक्टरपासून. मागच्या वर्षी मार्चमध्ये बायकोनं जबरदस्तीनं सगळ्या टेस्ट करायला लावल्या. वजन ९१ किलो, उंची पाच फूट सात, म्हणजे बीएमआय साडेएकतीसच्या आसपास, आणि आपल्या भारतीय लोकांना २५ च्या वर गेलं की लठ्ठच धरतात. कंबर १०४ सेंटीमीटर, पुरुषाची ९० च्या आत पाहिजे. बीपी १४६-९४. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२, डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे साखर दारात येऊन उभी राहिली आहे, आत घ्यायची का नाही ते तुम्ही ठरवा. बीपीची गोळी चालू झाली. मी म्हटलं चालायला जातो रोज. गेलो की, व्हॅक्सिन डेपोवर, सकाळी साडेपाचला, छान झाडं, छान हवा, आणि अर्धा तास चालून झाला की चौघं मिळून इडली-वडा खाऊन परत. दीड महिन्यात वजन ९१ चं ९१.४.

आणि बेळगावात बाहेरच्या व्यायामावर कुणी भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जूनमध्ये एकदा लागला की सप्टेंबरपर्यंत तो जिरजिर पाऊस, धड कोसळत नाही धड थांबत नाही, छत्री धरून कोण चालणार. रेनकोट वाळायच्या आत बुरशी येते. म्हणून छपराखालचं काहीतरी बघायचं ठरलं.

पहिल्या जागेचं नाव घेत नाही. वर्षाचं पॅकेज घेतलं की स्वस्त पडतंय म्हणाले, भरले. निळे दिवे, छाती हादरेल असलं म्युझिक, वीसेक सायकली, आणि शिकवणारा तेवीस-चोवीसचा पोरगा जो स्वतः इतका भारी चालवायचा की त्याला बघूनच घाम फुटावा. पण सीट किती वर पाहिजे, हँडल कुठं पाहिजे, कोणाला काय आजार आहे, एक शब्द विचारला नाही. बसा सर, पाय अडकवा, चला. मी पण येडा, शेजारची कॉलेजची पोरं जोरात मारालीत म्हणून मी पण मारालो. चाळीस मिनिटं. नडगीचं मगाशी सांगितलंच, पण खरं दुखणं दुसऱ्या दिवशी उठल्यावर कळलं. मांड्या अशा धरल्या की जिना उतरताना उलटा उतरलो, बाळ उतरतं तसा, कठड्याला धरून. संडासात बसायचं म्हणजे देव आठवला. युनिटवर पोरं तोंड फिरवून हसालीत ते दिसत होतं. चार दिवसांनी परत गेलो, परत तेच. तिसऱ्यांदा गेलो ते अर्ध्यातनं उठून आलो, चक्कर आली म्हणून. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय म्हणाले. लिहिलं होतं खरं.

मग जून, जुलै काहीच नाही. वजन ९२.

ऑगस्टमध्ये बायकोची शाळेतली मैत्रीण ज्या क्लासला जाते तिथं बायको जायला लागली, टिळकवाडीत दुसऱ्या गेटच्या अलीकडं एका घराच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याचं छप्पर, बारा सायकली आणि मागं मोकळी लाकडी फ्लोअर. एक बाई चालवतात, पस्तिशीच्या असतील, कन्नड, मूळच्या धारवाडकडच्या, मराठी तोडकं पण बिनधास्त बोलतात. आठवडाभर बायको आली की म्हणायची, अहो एकदा बघून तरी या. मी म्हणायचो मला बायकांच्यात नको. शेवटी गेलो ते भांडायच्या तयारीनंच गेलो.

बाईंनी आधी बसवलं खुर्चीवर. कागद काढला. बीपी, गोळी कुठली, गुडघा, कंबर, आधी कुठं केलंय का. मी ती सगळी कर्मकहाणी सांगितली, मांड्या धरल्या, जिना उलटा उतरलो वगैरे, मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तेव्हा लघवीचा रंग कसा होता काका?" मी बायकोकडं बघालो, बायको भिंतीकडं बघाली. मग त्यांनी समजावून सांगितलं, की सवय नसलेल्या माणसानं पहिल्याच क्लासला मांड्यांवर इतका लोड टाकला की कधीकधी स्नायू फुटतात, त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीवर जातो, लघवी काळ्या चहासारखी होते, अशी माणसं दवाखान्यात ॲडमिट झालेली आहेत, आणि ह्या सायकलच्या पहिल्या क्लासनंतरच जास्त, कारण मांडीचे मसल अंगातल्या सगळ्यात मोठ्या मसलांपैकी आणि सायकल तुम्हाला थांबू देत नाही. माझं तसं झालं नव्हतं, नुसतं दुखणं होतं, पण खरं सांगतो अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी मी फी भरली. ज्याला बिघाड कुठं होतो हे माहीत आहे त्याच्या हातात मशीन द्यावं, हा आमचा धंद्याचा नियम.

मग सेटिंग. हे मला सगळ्यात आवडलं, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर पुढं जा. सायकलच्या शेजारी उभं राहायचं, सीट कंबरेच्या हाडाच्या लेव्हलला आणायची. मग बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच पाहिजे. सीट खाली राहिली तर गुडघ्याची वाट लागते, वर राहिली तर ढुंगण डावीउजवीकडं घासतं. मग दोन्ही पेडल आडवे धरायचे आणि पुढच्या गुडघ्यातनं ओळंबा सोडला तर तो पेडलच्या दांड्यावर पडला पाहिजे. बाईंनी खरोखरच दोरीला नट बांधून सोडला. मी म्हटलं ह्या बाईला उद्यमबागेत कोणीपण नोकरी देईल. हँडल मात्र वर ठेवलं, कारण पोट. "पोट गेलं की हँडल खाली," म्हणाल्या. जॉब चकात नीट न बांधता कट घेतला तर काय होतं हे मला माहीत आहे, आणि एप्रिलमध्ये मी तसाच बांधला गेलो होतो, सीट चार बोटं खाली.

आता निधान. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, कन्नडात निधान म्हणजे हळू, सावकाश, तुमचं निदान वेगळं. आमच्याकडं हा शब्द मराठी माणूसही रात्रंदिवस वापरतो. चेन पुलीनं जड कास्टिंग उतरवताना मी स्वतः ओरडत असतो, निधान रे, निधान. आता सात नंबरच्या सायकलवर बसून तोच शब्द मला ऐकायची पाळी आली. पहिले सहा आठवडे मी जरा जोर लावला की समोरनं आवाज, "निधान री काका, निधान!" माझ्या डाव्या बाजूला एक रिटायर्ड शिक्षिका बसायच्या, साठी उलटलेल्या, नऊवारी सोडून ट्रॅक पँट घातलेल्या, त्या मजेत लोड वाढवून उभ्यानं चढ मारायच्या आणि मला मात्र मूठ अर्धी फेरी फिरवायची परमिशन नाही.

वेग किती ठेवायचा हे मोजायची सोपी पद्धत आहे, उजवा गुडघा पंधरा सेकंदात किती वेळा वर आला ते मोजायचं, गुणिले चार. वीस आला म्हणजे मिनिटाला ऐंशी फेरे. सपाटीला ऐंशी ते शंभर, चढाला साठ ते ऐंशी. लोड न टाकता एकशेवीस-तीसनं नुसतं भिरभिर फिरवणारे लोक असतात, त्यात काही अर्थ नाही, फ्लायव्हीलच तुमचे पाय फिरवत असतं, तुम्ही नाही, आणि सीटवर उसळून उसळून गुडघा मात्र खराब. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, फिरवायचा जोर गुणिले मिनिटाचे फेरे, दोन्हीतलं एक शून्य असलं तर उत्तर शून्यच.

आणि दम किती लागलाय ते बघायची बाईंची रीत म्हणजे बोलायला लावायचं. घड्याळातली नाडी माझ्या बाबतीत बघायची नाही म्हणाल्या, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडी वर जाऊच देत नाहीत, माझी त्यातलीच, त्यामुळं जास्तीत जास्त नाडीचं ते २२० वजा वय वगैरे गणित मला लागू नाही. त्यापेक्षा चालू क्लासमध्ये एकदम विचारणार, "काका, बेळग्गे नाश्ता काय केला?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर ठीक, दोन-दोन शब्दांत तुटून आलं तर जोरात चाललंय, उत्तरच नाही आलं तर मूठ सैल करा. पहिल्या महिन्यात माझं उत्तर "उप... पी... ट" असं यायचं. सगळा क्लास हसायचा. मी एकदा खोटं बोललो, कुंदा, म्हणजे आमची बेळगावची खव्याची मिठाई, खाऊन आलो होतो आणि पोहे म्हणालो, तर मागनं बायको पूर्ण वाक्यात बोलली, "खोटं बोलालेत ते."

सीटचं दुखणं हा वेगळाच विषय. पहिले पंधरा दिवस बसायच्या हाडांना असं लागतं की युनिटवर मी उभ्यानं बिलं लिहायचो. पॅडवाली चड्डी घेतली, ती आत दुसरी चड्डी न घालता घालायची असते हे दुकानदारानं सांगितलं नाही, आठवडाभर मी दोन्ही घालून फिरालो आणि शिवणीनं सोललं. नारळाचं तेल. दोन आठवड्यांत हाडं तयार होतात, मग काही नाही.

सोमवार-गुरुवार सायकल पंचेचाळीस मिनिटं, मंगळवार-शुक्रवार डंबेल न उठाबशा, शनिवारी झुंबा. नुसती सायकल करून भागत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा, असं बाईंनी फळ्यावरच लिहून ठेवलंय. ताकदीच्या पहिल्या दिवशी मी ऐटीत पाच-पाच किलोचे डंबेल उचलले, दिवसभर लोखंडच उचलतो की आम्ही. तिसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले. रिटायर्ड बाईंनी काही न बोलता त्यांचे अडीच-अडीचचे माझ्याकडं सरकवले आणि माझे पाचचे घेतले.

झुंबाबद्दल काय बोलू. पंधरा बायका, दोन कॉलेजची पोरं आणि मी. मोजणी आठाची असते, आणि बाई ती कन्नडात मोजतात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, आणि एंटुला सगळ्यांनी वळायचं. एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं. मला कन्नड येतं, पण कानात शिरून मराठीत होऊन पायात उतरेपर्यंत सगळे वळून माझ्या तोंडाकडं तोंड करून उभे. दोन महिने मी आरशाच्या उलट दिशेनं नाचलो. हा प्रकार कोलंबियातल्या बेटो पेरेझ नावाच्या माणसाचा, एकदा क्लासला एरोबिक्सची कॅसेट घरी विसरला म्हणून स्वतःकडं होती ती साल्सा-मेरेंगेची गाणी लावून वेळ मारून नेली, त्यातनं हे निघालं असं सांगतात. आमच्या इथं मध्येच शिवजयंतीचा ढोल लावतात, त्याला मात्र मी आठाच्या मोजणीशिवाय बरोबर नाचतो.

आणि एक निरीक्षण. बाहेर ह्या गावात पाटी कुठल्या भाषेत पाहिजे ह्यावरनं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात पडत नाही, माझी मतं मला आहेत. पण वरच्या मजल्यावर मोजणी कन्नडात आणि बोंबलणं मराठीत, ह्यावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. दहाव्या उठाबशीला "आई गं" म्हणतात तेव्हा धारवाडचे पण "आई गंच" म्हणायला लागलेत.

आता ह्या जूनमधली गोष्ट. गुरुवार, संध्याकाळी साडेसहा, बाहेर पत्र्यावर पाऊस तडतड वाजालाय, आत बारा सायकली भरलेल्या, मोठा चढ चालू, आणि लाईट गेली. म्युझिक बंद, पंखे बंद, गच्च अंधार. आमच्या सायकलींना विजेचा संबंध नाही, फेल्टचा पॅड फ्लायव्हीलच्या कडेला घासतो तोच लोड, जेवढं तुम्ही लावाल ते सगळं उष्णता होऊन जातं, त्यामुळं सायकली चालूच. बाईंनी थांबा म्हटलंच नाही. अंधारात त्यांचा आवाज, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, आणि मग हळूहळू सगळेच मोजायला लागले, आणि मध्ये नुसता बारा फ्लायव्हीलचा घुमणारा आवाज आणि श्वास. म्युझिक असतं तेव्हा हे काही ऐकू येत नाही. मी आपला मोजता मोजता ऐकालो. माझ्या डाव्या बाजूनं, म्हणजे रिटायर्ड बाईंच्या सहा नंबरवरनं, घर्र घर्र असा कोरडा आवाज येत होता, दर फेरीला एक खरखर. ज्यानं वीस वर्षं स्पिंडलला कान लावलाय त्याला तो आवाज झोपेतनं पण ओळखू येतो. बेअरिंग गेलं होतं.

लाईट आल्यावर मी सांगितलं. बाई म्हणाल्या गेल्या महिन्यात सर्व्हिसवाला येऊन ऑइल मारून गेला. सील असलेल्या बेअरिंगला बाहेरनं ऑइल मारून काय होणार, उलट धूळ चिकटते. मी म्हटलं रविवारी मी बघतो. रविवारी पुलर, ॲलन की न सर्क्लिप पक्कड घेऊन गेलो. डावं पेडल काढायला गेलो तर कोणीतरी आधी उलट्या बाजूनं जोर लावून आटे खराब केलेले. हे कायम होतं. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, सैल होऊ नये म्हणून, सगळं जग सोडायला डावीकडं फिरवतं तिथं हे उजवीकडं फिरवायचं. फ्लायव्हील उतरवलं, आतलं बेअरिंग निघालं ६००४, वीस मिलीमीटरचं भोक, बाहेरनं बेचाळीस. बोटात धरून फिरवलं तर वाळूची गोणी फिरवल्यासारखं. रोज घाम गळून गळून मीठ आत गेलेलं, गंजाची लाल पेस्ट झालेली. नवीन दोन्ही बाजूंनी सील असलेलं बसवलं, जी कड घट्ट बसते तीच दाबून, दुसरी दाबली की गोळ्यांवर मार बसतो. फ्लायव्हील एक बोट लावून सोडलं. आवाज न करता फिरत राहिलं, फिरत राहिलं, मी आणि बाई दोघं उभं राहून बघत होतो. रिटायर्ड बाई सोमवारी बसल्या आणि म्हणाल्या, "आज सायकल हलकी का वाटालीय?" मी म्हटलं तुमची ताकद वाढालीय.

आकडे सांगायचे राहिले. अकरा महिने झाले. वजन ९२ चं ८२. कंबर १०४ ची ९४, म्हणजे अजून चार सेंटीमीटर डोक्यावर आहेतच. एचबीएवनसी ५.८. बसल्या जागी नाडी ८४ असायची, आता ६८. बीपी १३० च्या आसपास, पण गोळी चालूच आहे, डॉक्टर म्हणाले गोळी बंद करायची घाई तुम्ही करू नका, ती मी करतो. पहिले तीन महिने वजन फक्त अडीच किलो उतरलं होतं आणि मी चिडून सोडायच्या बेतात होतो. कारण सोपं होतं, सायकलवरचा तो डबा ६०० कॅलरी दाखवायचा आणि मी घरी येऊन हक्कानं चार चपात्या न वर शेंगाचटणी-दही. त्या डब्याला माझं वजन माहीत नाही, वय माहीत नाही, मूठ किती फिरवली ते पण धड माहीत नाही, तो कुठनं आकडा काढतो देव जाणे. मी त्याच्यावर चिकटपट्टी लावली. रात्रीचा भात निम्मा केला, बेळगावात भात निम्मा करणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल, आणि कुंदा फक्त रविवारी. मांडे आले की नियम मोडतो, ते सांगून ठेवलंय.

फरक कळला तो वजनकाट्यावर नाही, शिवजयंतीला कळला. आमच्याकडं वैशाखातल्या शिवजयंतीनंतर चित्ररथांची मिरवणूक निघते, ती रात्रभर चालते, पहाट होते. गेल्या वर्षी मी साडेअकरालाच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, गुडघे धरून, लेकीनं घरी नेऊन सोडलं. ह्या वर्षी पहाटेपर्यंत उभा होतो. लेक दोन वाजता रिक्षा करून घरी गेली.

पण फार उडू नये माणसानं. फेब्रुवारीत मला वाटलं झालो आता आपण सायकलपटू, लेकीची गिअरवाली सायकल काढली आणि राजहंसगडाला निघालो, यळ्ळूरवरनं. गावापर्यंत छान गेलो. पुढं चढ सुरू झाला आणि कळलं की छपराखालच्या चढाला वारा नसतो, खड्डे नसतात, बॅलन्स सांभाळायचा नसतो, आणि मूठ सैल करता येते. इथं रस्ताच सैल होत नाही. गिअर चुकीचा पडला, साखळी निघाली, भर वळणावर उतरून हात काळे करून बसलो. एक म्हातारे आजोबा बैल घेऊन उतरत होते. थांबले, बघितलं, म्हणाले, "चढाला कशाला बसलायस, ढकलत ने की." ढकलत नेली. वर जाऊन महाराजांच्या पुतळ्यापाशी पाणी प्यालो, वारा अंगावर घेतला. उतरताना मात्र पाय थांबवले आणि मागं टिकटिक ऐकत खालपर्यंत आलो, नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा सायकलवर पाय थांबवायला मिळाले.

परवा बाई म्हणाल्या सगळ्याच सायकलींची बेअरिंग एकदा बघाल का, आणि तीन नंबरचा सीटचा खांब हलालाय. बघितलं, आतला प्लास्टिकचा बुश झिजलाय. नायलॉनचा रॉड आहे युनिटवर, लेथवर बुश टर्न करून देतो म्हटलं, शनिवारी झुंबाच्या आधी बसवू. त्या बदल्यात दोन महिने फी नको म्हणाल्या. मी म्हटलं फी घ्या, फक्त सात नंबरवर दुसऱ्या कोणाला बसवू नका, आणि हँडल एक खाच खाली घ्यायचं का आता? त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू.